सतरावी प्रतिज्ञा आणि पहिले पाच दिवस



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील सतरावी प्रतिज्ञा अवघ्या चार शब्दांची आहे. ती दारूविषयी आहे. पंचशीलातील पाचवे शीलही तेच सांगते. ज्याने आयुष्यात दारूला स्पर्श केला नाही, त्याला ही प्रतिज्ञा उच्चारणे सोपे असते. जो लग्नकार्यात, सणावारी घेत होता, त्यालाही थोडा निग्रह पुरतो. पण आपल्या वस्त्यांत आणखी एक माणूस असतो. सकाळी डोळे उघडल्यावर घोटभर पोटात गेल्याशिवाय त्याच्या हातातली चहाची कपबशी स्थिर राहत नाही. वाळूजच्या किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यात पाळीवर जाण्याआधी त्याला घ्यावी लागते, आल्यावर घ्यावी लागते, आणि मध्यरात्री घाम फुटून जाग आली की पुन्हा घ्यावी लागते. हा माणूस दीक्षेच्या दिवशी पांढरे वस्त्र घालून, हात जोडून सतरावी प्रतिज्ञा म्हणतो आणि त्याच क्षणापासून दारू बंद करतो. त्याचा निश्चय खरा असतो. तरीही पुढचे चार-पाच दिवस त्याच्या जिवाला धोका असतो, आणि घरात ते कोणालाच ठाऊक नसते.

हा पाठ त्या माणसासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते. मी डॉक्टर नव्हे. म्हणून येथे कोणत्याही औषधाची मात्रा दिलेली नाही, आणि ती कोणी शेजाऱ्यापाजाऱ्याला विचारूनही घेऊ नये.

प्रथम हे पाहू की घरात नेमके काय घडते. समजा, रविवारी दुपारी दीक्षा झाली आणि शेवटचा घोट त्या दिवशी सकाळी घेतला होता. रविवारी रात्रीच हात थरथरू लागतात, घाम सुटतो, छाती धडधडते, मळमळते, झोप येत नाही. घरचे म्हणतात, सवय मोडते आहे, सोसा थोडे. सोमवारी एखाद्याला अचानक झटका येतो. डोळे फिरतात, दातखीळ बसते, अंग ताठ होते. हा झटका बहुधा शेवटच्या घोटानंतर सहा ते अठ्ठेचाळीस तासांत येतो. मंगळवारी किंवा बुधवारी, म्हणजे दोन ते चार दिवसांच्या सुमारास, सर्वांत कठीण अवस्था येऊ शकते. माणसाला भिंतीवर किडे चालताना दिसतात. कोणी हाका मारते आहे असे वाटते. तो अंथरुणावरची नसलेली वस्तू वेचू लागतो, स्वतःच्या मुलाला ओळखत नाही, दिवस आहे की रात्र हे त्याला कळत नाही. अंगात ताप चढतो, नाडी वेगाने धावते. वैद्यकशास्त्र याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणते. दारू सोडणाऱ्या सर्वांना असे होत नाही. उपचारासाठी दाखल होणाऱ्या शंभर जणांपैकी साधारण तीन ते पाच जणांना होते. पण ज्याला होते आणि ज्याच्यावर उपचार होत नाहीत, त्याचा मृत्यू होऊ शकतो. पूर्वी, औषधे नव्हती तेव्हा, अशा रुग्णांपैकी तिसरा हिस्सादेखील दगावत असे. आज वेळेवर उपचार झाले तर फार थोडे दगावतात.

आता आपल्या घराचा विचार करा. दीक्षेच्या आदल्या दिवशी देव्हारा मोडला. खंडोबाचा टाक, मरीआईची मूर्ती विसर्जित केली. चुलतभाऊ, सासरची मंडळी आधीच नाराज आहेत. आणि बरोबर तिसऱ्या दिवशी घरचा कर्ता माणूस बडबडू लागतो, कोपऱ्यात कोणी उभे आहे असे दाखवतो, किंचाळतो. शेजारची म्हातारी लगेच म्हणते, बघा, कुळाचे देव टाकले, ते कोपले. कोणी भगताला बोलावते, कोणी लिंबू उतरवते, कोणी त्याला दोरीने बाजेला बांधते. ज्या घराने परवाच बुद्धाला शरण जाऊन विवेकाचा मार्ग धरला, त्या घराचे पाय भीतीने मागे वळतात. दारूही परत येते, कारण चुलतभाऊ क्वार्टर आणून पाजतो आणि तासाभरात थरथर थांबते. मग सर्वांची खात्री पटते की देवाला पुन्हा मानले म्हणून माणूस वाचला! खरे कारण क्वार्टरमध्ये होते, देवात नव्हते.

म्हणून हे कारण प्रत्येक उपासक-उपासिकेने नीट समजून घ्यावे. मेंदूत दोन तऱ्हेची रसायने सतत काम करीत असतात. काही मेंदूला शांत करतात, काही चेतवतात. आमच्या शाळेच्या मैदानावर मुले रस्सीखेच खेळतात, तसे समजा. दारू शांत करणाऱ्या बाजूला जाऊन दोर ओढते. रोज, वर्षानुवर्षे ओढते. तोल राखण्यासाठी मेंदू दुसऱ्या बाजूला, म्हणजे चेतवणाऱ्या बाजूला, अधिकाधिक गडी उभे करतो. दोर मध्यावर राहतो. म्हणूनच सराईत पिणारा एक क्वार्टर पिऊनही सरळ चालताना दिसतो. आता एके दिवशी दारूने दोर एकदम सोडून दिला तर काय होईल? समोरची सगळी फळी जोराने मागे कोसळेल. थरथर, घाम, धडधड, झटके, भास हे सगळे त्या कोसळण्याचे प्रकार आहेत. चेतवणारे जादा गडी कमी करायला मेंदूला काही दिवस लागतात. तेवढे दिवस कोणीतरी दोर धरून तो हळूहळू सोडायला हवा. डॉक्टर औषधाने हेच करतात.

ही गोष्ट वैद्यकशास्त्रालाही सहज मान्य झालेली नव्हती. झटके आणि भ्रम दारूमुळे येतात, उपासमारीमुळे येतात की दारू थांबल्यामुळे, याबद्दल वाद होता. १९५५ साली अमेरिकेतील लेक्सिंग्टन येथे हॅरिस इस्बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा माणसांना भरपूर अन्न व जीवनसत्त्वे देऊन रोज दारू पाजली. त्यांतील सहा जण ४८ ते ८७ दिवस पीत राहिले. नंतर दारू एकदम बंद केली. दोघांना झटके आले, तिघांना भ्रम झाला. खाणेपिणे उत्तम असूनही हे घडले, म्हणजे दोष दारू अचानक तुटण्याचा होता. तुरुंगातल्या माणसांवर केलेला तो प्रयोग आज कोणी करू देणार नाही, आणि देऊही नये. पण त्यातून मिळालेले ज्ञान आपल्या उपयोगाचे आहे.

दुसरा पुरावा आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर घडला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि दारूची दुकाने एका रात्रीत बंद झाली. कोणी प्रतिज्ञा घेतली नव्हती, तरी लाखो माणसांची दारू एकदम तुटली. बंगळूरच्या रुग्णालयांत झटके आणि भ्रम झालेल्या रुग्णांची संख्या वाढल्याचे तेथील डॉक्टरांनी नोंदवले. केरळ सरकारने ३० मार्च २०२० रोजी अशा लोकांना डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा हुकूम काढला; डॉक्टरांच्या संघटनेने विरोध केला आणि उच्च न्यायालयाने २ एप्रिलला त्याला स्थगिती दिली. माझ्या मते डॉक्टर बरोबर होते, कारण यावर औषध उपलब्ध आहे आणि ते दारूपेक्षा सुरक्षित आहे. पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, पुन्हा दुकाने बंद असताना यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे सॅनिटायझर पिऊन सात माणसे मेली. त्यांना मूर्ख म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण शरीर दारूसाठी असे तडफडते तेव्हा माणूस बाटलीवरचे अक्षर वाचत नाही.

औषधाची कथा थोडक्यात सांगते. १९६० साली क्लोरडायझेपॉक्साइड नावाचे औषध बाजारात आले. १९६९ मध्ये अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून ५३७ रुग्णांवर निरनिराळी औषधे देऊन तुलना केली गेली, तेव्हा हे औषध घेतलेल्यांत झटके आणि भ्रम सर्वांत कमी आढळले. आजही जगभर हे किंवा याच जातीतील औषध वापरतात. यकृत खराब असेल तर डॉक्टर त्याच जातीतील वेगळे औषध निवडतात. पहिल्या एक-दोन दिवशी मात्रा अधिक असते, मग दररोज उतरत जाऊन साधारण आठवड्याभरात ते बंद होते. त्याच्या जोडीला थायामिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, द्यावेच लागते.

येथे एक शंका नेहमी विचारली जाते. गोळीनेही गुंगी येते. मग एक नशा सोडून दुसरी घेतली, प्रतिज्ञा मोडली, असे नाही का? ही शंका प्रामाणिक आहे, तिला हसू नये. विनयपिटकात याला जवळचा प्रसंग आहे. पिलिंदवच्छ या भिक्खूला वाताचा विकार झाला. वैद्यांनी तेल काढवून घेण्यास सांगितले आणि त्या तेलात मद्य घालावे लागत होते. भगवंतांनी औषध म्हणून त्याला अनुमती दिली. मग काही भिक्खूंनी भरपूर मद्य घालून तेल केले आणि ते पिऊन झिंगले. तेव्हा भगवंतांनी मर्यादा घातली की तेलात मद्याचा रंग, वास आणि चव येता कामा नये. औषध आणि नशा यांतील रेषा अडीच हजार वर्षांपूर्वी अशी आखली गेली: हेतू कोणता, मात्रा किती आणि ठरवणारा कोण. वैद्याच्या सांगण्याने, मोजून, आठ दिवसांत संपवण्यासाठी घेतलेली गोळी हे औषध आहे. तीच गोळी मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय आणून महिनोन्‌महिने घेतली तर ती नशा आहे.

तेव्हा दारू सोडायची कोठे? रुग्णालयात दाखल होऊन, की घरी राहून? आपल्याकडे समज असा की केंद्रात भरती केल्याशिवाय दारू सुटत नाही, आणि भरतीला पैसे नाहीत, रोजंदारी बुडते, म्हणून कोणी जातच नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ माणसांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळालेला होता, आणि दाखल होऊन उपचार घेतलेला १८० मध्ये एक. उरलेल्यांनी काय केले असेल? कोणी पीत राहिले, कोणी स्वतःच्या बळावर सोडून पाहिली.

घरून उपचार घेता येतो का, याचा अभ्यास झालेला आहे. १९८९ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे १६४ पुरुषांचे दोन गट केले. ८७ जण रोज दवाखान्यात येऊन तपासून घेत व घरी जात. ७७ जण दाखल झाले. दाखल झालेल्या शंभरातील ९५ जणांनी उपचार पूर्ण केले, घरून येणाऱ्यांतील ७२ जणांनी. म्हणजे घरी राहणाऱ्यांत गळती अधिक, हे मान्य करावे. पण ज्यांना तीव्र त्रासाचा धोका नव्हता त्यांच्यासाठी घरचा मार्ग सुरक्षित ठरला, खर्च कितीतरी पटींनी कमी आला, आणि सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांत फारसा फरक उरला नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात 'संगाथ' या संस्थेने डॉक्टरांच्या देखरेखीखाली, प्रशिक्षण दिलेल्या साध्या कार्यकर्त्यांच्या मदतीने घरच्या घरी दारू सोडवण्याची पद्धत वापरून पाहिली आहे. हे कार्यकर्ते पदवीधर डॉक्टर नसतात. ते घरी येतात, तपासतात, नोंद करतात आणि लक्षण बिघडले तर डॉक्टरांना कळवतात. आपल्या बुद्धविहारांतील तरुण मुलामुलींनी हे शिकून घ्यावे असे मला मनापासून वाटते. विहाराचा उपयोग केवळ पौर्णिमेच्या वंदनेपुरता का असावा?

परंतु घरचा मार्ग सर्वांसाठी नाही, आणि येथे कोणाचीही भीड धरू नये. पूर्वी कधी दारू सोडताना झटका आला असेल किंवा भ्रम झाला असेल, तर रुग्णालयच. कावीळ, पोटात पाणी, रक्ताची उलटी, हृदयाचा विकार, नियंत्रणात नसलेला मधुमेह, डोक्याला मार, गरोदरपण, उतारवय यांपैकी काही असेल तर रुग्णालयच. जीव देण्याचे विचार मनात येत असतील तर एक दिवसही घरी ठेवू नका. रोजचे पिणे फारच जास्त असेल, किंवा दारूबरोबर झोपेच्या गोळ्याही चालू असतील, तरीही दाखल व्हावे. आपल्या शहरात पोरे ज्यांना 'बटन' म्हणतात त्या गोळ्या याच प्रकारच्या. त्यांची सवय असलेल्याने त्या एकदम थांबवल्या तर दारूसारखेच झटके येतात, आणि तेही काही वेळा उशिरा, आठवडाभराने येतात. आणि सर्वांत शेवटचे, पण घरगुती उपचाराच्या दृष्टीने पहिले: रात्रंदिवस जवळ बसणारे, न पिणारे, शहाणे माणूस घरात नसेल तर घरी प्रयत्न करू नये. (हे सगळे मी पुरुषाविषयी बोलते आहे असे वाटेल. बाईलाही व्यसन असते. ते अधिक लपवले जाते, म्हणून तिचा धोका अधिक.)

आपल्या गावात यासाठी जागा आहेत. घाटी म्हणून आपण ज्याला ओळखतो ते शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तेथे मानसोपचार विभाग आहे. चिकलठाण्याचे जिल्हा रुग्णालय, ज्याला लोक मिनी घाटी म्हणतात, तेही आहे. मानसोपचार विभाग म्हटले की आपली माणसे बिचकतात. वेड्यांच्या डॉक्टरकडे कशाला, असे विचारतात. दारूचे व्यसन हा आजार आहे आणि त्याचे डॉक्टर तेथे बसतात, एवढेच त्याचे उत्तर. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू व अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकारही आजारांत धरले आहेत आणि शासकीय दवाखान्यात उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरवला आहे. हक्क हा शब्द आपल्याला कोणी शिकवला हे सांगायला नको. तो केसपेपर काढतानाही आठवावा. घरातून बाहेर पडणे अवघड असेल तर 'टेलिमानस'चा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे शासनाचे क्रमांक आहेत. त्यांवर मराठीत विचारता येते.

आता जे सांगते ते काहींना खटकेल. डॉक्टरांची भेट होईपर्यंत अशा माणसाची दारू एकदम बंद करू नका. बाटली फोडू नका, त्याला कोंडून घालू नका. मग प्रतिज्ञेचे काय? त्यावर उपाय साधा आहे: दीक्षेची तारीख आणि डॉक्टरांची तारीख एकाच वेळी ठरवा. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षा घ्यायची असेल तर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच घाटीत जा. पंधरवड्यात शरीर मोकळे होईल, आणि १४ ऑक्टोबरला तो माणूस सतरावी प्रतिज्ञा स्थिर हातांनी आणि शुद्धीत म्हणेल. दीक्षा समारंभ भरवणाऱ्या मंडळांनी नाव नोंदवताना हा एक प्रश्न खासगीत विचारायला हवा. पत्रक, मंडप आणि भोजनदान यांची चर्चा आपण दोन-दोन महिने करतो; त्यातली दहा मिनिटे याला देता येतील.

डॉक्टरांकडे गेल्यावर खरे सांगा. रोज किती, देशी की हातभट्टी, शेवटचा घोट केव्हा, पूर्वी सोडताना काय झाले होते, हे सगळे विचारले जाते. लाजेने निम्मे सांगितले तर औषध निम्मे पडते. रक्तदाब, नाडी, साखर, यकृत तपासतात. मग घरी सोडायचे की ठेवून घ्यायचे हे ते ठरवतील. ठेवून घेतो म्हणाले तर वाद घालू नका.

घरी सोडले तर गोळ्या घरच्या जबाबदार माणसाने आपल्या ताब्यात ठेवाव्यात, बहुधा पत्नीने किंवा आईने. ठरल्या वेळी एक वेळची गोळी हातावर द्यावी आणि वहीत वेळ लिहावी. आपल्या कितीतरी आयाबहिणींना अक्षरओळख नाही. तेथे शाळेत जाणारी मुलगी लिहील. रुग्णाने गोळी घेतली आणि वर दारूही प्यायली, तर पुढची गोळी देऊ नका, डॉक्टरांना कळवा. दोन्ही मिळून श्वास मंदावतो. गोळी दिल्यावर तो जागवूनही नीट जागा होत नसेल, तरीही तेच. पहिले तीन-चार दिवस तरी रोज दवाखान्यात दाखवावे, किंवा परिचारिकेने घरी यावे. या दिवसांत त्याने दुचाकी चालवू नये, यंत्रावर उभे राहू नये. एकटे सोडून सगळे कामावर गेले, असे होऊ देऊ नका.

खोली शांत असावी, पण अंधारी नको. अंधारात भास वाढतात. रात्री लहान दिवा राहू द्या. समोर घड्याळ आणि दिनदर्शिका टांगा. अधूनमधून त्याला सांगा की आज अमका वार आहे, तू घरी आहेस, ही तुझी बायको. बघायला येणाऱ्या पाहुण्यांना दारातूनच परत पाठवा. उपदेश करणाऱ्यांना तर आधी. पाणी, ताक, डाळीचे पाणी, मऊ भात थोडे थोडे वरचेवर द्या. चहा कमी करा. तो चिडेल, शिव्या देईल. मुलांना चार दिवस आजीकडे पाठवता आले तर पाठवा. चार जणांनी धरून थंड पाण्याने आंघोळ घालणे, कडू काढे पाजणे, लोणचे चाटवणे यांनी काहीही साधत नाही.

एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्या. आपल्या वस्तीत कोणीही आजारी पडले की सलाईन लावा असा आग्रह असतो, आणि सलाईन म्हणजे बहुधा ग्लुकोज. दारू पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ आधीच संपत आलेले असते. ते न देता नुसते ग्लुकोज चढवले तर उरलेसुरले बी-१ खर्च होऊन मेंदूला इजा होऊ शकते. कार्ल वेर्निके या डॉक्टराने १८८१ मध्ये या आजाराचे वर्णन केले होते: गोंधळलेले मन, झोकांड्या, आणि डोळ्यांची हालचाल बिघडणे. दारू न पिताही माणूस झोकांड्या देतो आहे, एकाचे दोन दिसते म्हणतो आहे, असे दिसले तर दडून पितो म्हणून त्याला रागावू नका; त्याला तातडीने रुग्णालयात न्या. बी-१ उशिरा मिळाले तर स्मरणशक्ती कायमची जाते. म्हणून सलाईन लावणाऱ्या डॉक्टरांना नम्रपणे विचारा, बी-१ दिले का? असे विचारण्यात उद्धटपणा नाही.

झटका आला, ताप चढला, माणूस ओळखेनासा झाला, नसलेले दिसू लागले, सतत उलट्या होऊ लागल्या किंवा उलटीत रक्त दिसले, तर १०८ ला फोन करा. झटक्यात तोंडात चमचा, चप्पल, कांदा काहीही घालू नका. कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करा आणि किती वेळ चालले ते पाहा. भगताला बोलावण्यात गेलेला एक तास परत मिळत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हेही त्या भगताला ऐकवावे.

आणखी एक प्रकार आपल्याकडे फार चालतो. पत्नीने न सांगता भाजीत, चहात 'दारू सोडवायची पूड' मिसळायची. अशा पुडीत काय असते हे विकणाराच जाणे. दारू प्याल्यास त्रास व्हावा म्हणून दिले जाणारे डायसल्फिराम हे औषध खरे आहे, १९४८ पासून वापरात आहे. पण ते रुग्णाच्या संमतीने, तपासणी करून, दारू पूर्ण थांबल्यावरच द्यायचे असते. नकळत पोटात गेले आणि वर दारू पडली तर रक्तदाब कोसळून माणूस मरू शकतो. ज्या बहिणीने दहा वर्षे मार खाल्ला तिचा हा मार्ग धरण्यामागचा आक्रोश मला कळतो. तरीही हा मार्ग नको.

काही माणसे वर्षातून तीनदा दारू सोडतात: १४ एप्रिलला, बुद्धजयंतीला आणि दसऱ्याला. दहा-पंधरा दिवस निभावतात, पुन्हा धरतात. त्यांची चेष्टा होते. पण वारंवार एकदम सोडणे आणि पुन्हा धरणे यांमुळे दर खेपेचा त्रास आधीपेक्षा तीव्र होत जातो, असे आढळले आहे. म्हणून मागच्या वेळी काही झाले नव्हते, या वेळीही होणार नाही, असा हिशेब करू नका. त्याचा चौथा प्रयत्न हा पहिल्या प्रयत्नापेक्षा अधिक काळजीने करायचा असतो.

विनयपिटकातील दुसरा प्रसंग आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. एक भिक्खू अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडला होता; तो इतरांच्या काही कामाला येत नव्हता म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, स्वतः त्याच्या अंगावर पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी मिळून त्याला उचलून अंथरुणावर ठेवले, आणि मग संघाला विचारले की तुम्हीच एकमेकांची सेवा करणार नाही तर कोण करील? दारू सोडणाऱ्या माणसाची ओकारी पुसणारी पत्नी हेच काम करीत असते. तिला दोन रात्री झोप मिळावी म्हणून शेजारच्या घरातील कोणी पाळीने बसले तर बरे.

सातव्या-आठव्या दिवशी गोळ्या संपतात. हात स्थिर असतो, भूक लागते, माणूस मुलांशी बोलतो. घरच्यांना वाटते, संपले. वास्तविक शरीराने दारूशिवाय राहणे मान्य केले, एवढेच झालेले असते. मनाची ओढ राहते. झोप काही आठवडे अपुरी असते, आणि त्या काळात तो त्याच गोळ्या पुन्हा मागेल. त्या देऊ नका; उरलेली पाकिटे डॉक्टरांकडे परत करा. ओढ कमी करणारी वेगळी औषधे आहेत, ती डॉक्टर यकृत पाहून सुरू करतात. समुपदेशन लागते. ज्याला घरी राहून जमत नाही, त्याने निवासी केंद्रात जावे. पुण्याचे मुक्तांगण १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केले, ते आजही चालू आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा विनामूल्य असतात. तेथे ईश्वराचा उल्लेख होतो म्हणून काही बौद्ध बांधव जात नाहीत. ते म्हणतात, ज्याला जी शक्ती आपल्याहून मोठी वाटते ती त्याने मानावी. आपण संघाला मानतो. बाकावर शेजारी बसलेला माणूस वीस वर्षे पिऊन थांबलेला आहे, हे तेथे जाण्याला पुरेसे कारण आहे.

केसपेपरवर पुढची तारीख लिहिलेली असते. त्या दिवशी पाळी बुडते आणि पगार कापला जातो, म्हणून पहिल्याच वेळी ती चुकते. कारखान्यातील मुकादमाला किंवा युनियनच्या माणसाला आधी सांगून ठेवा, आणि त्या दिवशी त्याच्याबरोबर घरातील कोणीतरी जा. गोळ्यांच्या वेळा लिहिलेली ती वही सोबत न्या.